माठातली बाटली

अक्का,

तुझा तो लहान माठ अजून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तिवईवर आहे. त्याच्याभोवती गुंडाळलेलं फडकं वाळून कडक झालं आहे. तेराव्याला घर आवरताना कोणीतरी तो बाहेर गॅलरीत नेऊन ठेवला होता. मी परत आणला. का आणला, असं सुमनने विचारलं नाही. माझी बायको सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्याचं कारण पुढे येईल.

गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं मला लिहायचं नाही. तुझं माहेर मनमाडचं, सासर घोटीचं, भावजी रेल्वेत, मूलबाळ नाही, भावजी गेल्यावर इगतपुरीची खोली सोडून नाशिकला धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्याकडे आलीस. हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ठाऊक आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे. तू चोरून गोड खात नव्हतीस. कधीच नाही. सगळ्या घराने, डॉक्टरांनी, शेजारपाजाऱ्यांनी तसं मानलं; तू स्वतःही कबूल केलंस. तरीही ते खरं नव्हतं आणि हे मला माहीत होतं.

माठापासूनच सुरुवात करतो.

इगतपुरीहून तू आलीस तेव्हा तुझ्याबरोबर दोन ट्रंका होत्या आणि मांडीवर हा माठ. गाडीत बसल्यापासून तू तो खाली ठेवला नव्हतास, म्हणून माझा मुलगा प्रशांत तुला चिडवत होता. "आत्या, नाशकात माठ मिळतात गं," तो म्हणाला. तू म्हणालीस, "मिळत्यात ना. पण त्यात माझं औषध नसतं." माठाच्या पोटात पाणी, पाण्यात पालथी वाटी, वाटीवर प्लॅस्टिकच्या डबीत इन्सुलिनची बाटली आणि बाहेरून ओलं फडकं. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज चार-चार दिवस यायची नाही, फ्रिजचा काय भरवसा, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरनं तुला ही युक्ती सांगितली होती. रोज अंघोळीनंतर ते फडकं ओलं करायचं, हा तुझा नेम. देवाला पाणी घालण्याआधी माठाला.

इंजेक्शन तू स्वतः घ्यायचीस. तुझं औषध दुधाळ रंगाचं. बाटली आधी दोन्ही तळव्यांत फिरवून सारखी करून घ्यावी लागायची. कापसाच्या वाती वळताना तुझे हात जसे चालायचे, तसेच बाटली फिरवताना चालत. मी पेपरमागून ते बघायचो. आयुष्यभर कॉलेजात प्रथिनं शिकवली मी, पण एक प्रथिन रोज सकाळी माझ्या घरात इतक्या मायेने हाताळलं जाताना तेव्हाच पाहिलं.

तुला आठवतं, एकदा तू विचारलंस, "हे असतं तरी काय रे, दत्तू?" मी तेव्हा अजून नोकरीत होतो, टेबलावर उद्याच्या तासाची तयारी करत होतो. तू समोर वाती वळत बसली होतीस. विद्यार्थ्यांना सांगायचो तसंच तुला सांगितलं. म्हटलं, माळ असते ती. पेशीत एक यंत्र असतं, त्याला निरोप येतो, आणि निरोपातली तीन-तीन अक्षरं वाचून ते एकेक मणी ओवत जातं. मणी वीस तऱ्हेचे. कोणता मणी कुठे, यावर सगळं अवलंबून. पण नुसती माळ काही कामाची नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते, तिची एक ठरावीक घडी बसते. काही मण्यांना पाणी आवडत नाही, ते आत लपतात. काहींना आवडतं, ते बाहेर राहतात.

"लाजरी आतल्या खोलीत, बोलकी ओट्यावर," तू म्हणालीस.

"हो, तसंच. आणि घडी बरोबर बसली तरच काम होतं. हे तुझं इन्सुलिन पेशीच्या दारावर जातं आणि कडी वाजवतं. घडी बरोबर असेल तरच हात कडीपर्यंत पोचतो. मग दार उघडतं आणि रक्तातली साखर आत जाते."

"आणि ती घडी घालतं कोण?"

"कोणीच नाही. आपोआप बसते."

तू वाती खाली ठेवल्यास. "आपोआप तर नऊवारीसुद्धा नेसली जात नाही."

आपलं भांडण इथून सुरू झालं. मी म्हणायचो, मण्यांच्या क्रमातच घडी लिहिलेली असते. तू म्हणायचीस, लिहिलेली असली म्हणून काय झालं, पोरीच्या नशिबात संसार लिहिलेला असला तरी तिला सासरी सोडायला कोणीतरी जावंच लागतं. मग मी तुला इन्सुलिनची आणखी एक गंमत सांगितली. शरीरात ते तयार होतं तेव्हा एकच लांब माळ असते. तिचा मधला तुकडा दोन्ही टोकांना जवळ आणतो, नीट समोरासमोर बसवतो, त्यांच्यात गंधकाचे टाके पडतात. टाके पडले की तो मधला तुकडा कापून वेगळा होतो. उरतात दोन लहान माळा, एकमेकींना घट्ट शिवलेल्या. तेच तुझ्या बाटलीतलं औषध. मधला तुकडा त्यात नसतो.

तू हसलीस. "म्हणजे पाठराखीण की रे ती. नवरीबरोबर जायचं, ती रुळली की परत यायचं. जेवणात नाव नाही, फोटोत नाव नाही."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हेच सांगितलं. पोरं खूश झाली. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तो तास 'पाठराखिणीचा तास' म्हणून ओळखला जायचा. दुसऱ्या वर्गातली मुलंही येऊन बसायची. आजही कोणी जुना विद्यार्थी भेटला की म्हणतो, "सर, तुमची ती पाठराखीण अजून लक्षात आहे." माझी नव्हती ती, अक्का. तुझी होती. हे मी एकाही वर्गात सांगितलं नाही. आणि पेशीत इतर प्रथिनांची घडी बसवायला मदत करणारी वेगळी प्रथिनं असतात, म्हणजे वादात बरीचशी तूच बरोबर होतीस, हेही मी शिकवत होतो. पण घरी येऊन तुला कधी बोललो नाही. मुद्दाम असं नाही. राहून गेलं म्हणतात तसं. आता वाटतं, राहून गेलं हा शब्द आपण फार सोयीने वापरतो.

आपल्या घरात पाठराखा म्हटलं की माझीच टिंगल व्हायची. तुझ्या लग्नात पाठराखा म्हणून मला घोटीला पाठवलं. सगळे सांगतात की दुसऱ्याच दिवशी मी आईकडे जायचं म्हणून भोकाड पसरलं, नवी नवरी आपल्या पाठराख्याचे डोळे पुसत बसली, आणि शेवटी भावजी मला गाडीत बसवून मनमाडला सोडून गेले. त्या गोष्टीला जोडून आणखी एक गोष्ट यायची. नव्या नवरीने पहिल्याच सकाळी दुधाची कासंडी लवंडली. तुझी सासू शेवटपर्यंत हे सांगायची. "आमची सून आली ती दूध सांडतच." मूल झालं नाही तेव्हा तर ते दूध पुन्हापुन्हा निघायचं. तू मान खाली घालून ऐकायचीस.

मे महिन्याचं सांगतो.

यंदा नाशिकला ऊन असं होतं की दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. प्रशांत, सून आणि नात केतकी पुण्याहून सुट्टीला आले होते. रोज आमरस. फ्रिज आंब्यांनी, रसाच्या पातेल्यांनी, केतकीच्या थंड बाटल्यांनी भरलेला. एका दुपारी मी तुझ्या माठाला हात लावला तर फडकं सुकलेलं. तू झोपली होतीस. मी बाटली काढली आणि तुला उठवून तासच घेतला. "अक्का, प्रथिन आहे हे. उष्णतेने घडी मोडते त्याची. अंडं उकडल्यावर परत पातळ होतं का? आता हा खेळ पुरे. फ्रिजमध्ये ठेवायचं."

तू म्हणालीस, "इतकी वर्षं टिकलं ना माठात."

"आधी इगतपुरी होती, मग इथेही ऊन बेताचं होतं. यंदाचं ऊन वेगळं आहे."

"बरं बाबा. मास्तर तू."

फ्रिजच्या दारात जागा नव्हती. मी बाटली वरच्या कप्प्यात पार मागे सरकवली, बर्फाच्या खणाला टेकवून. जितकं गार तितकं चांगलं, असं मला वाटलं. उष्णतेने प्रथिनाचं काय होतं हे मी हजारो पोरांना शिकवलं होतं. थंडीने काय होतं तेही पुस्तकात होतं. पाण्याचा बर्फ व्हायला लागला की उरलेल्या थोड्याशा पाण्यात सगळी प्रथिनं दाटीवाटीने ढकलली जातात, त्यांच्या घड्या विस्कटतात, ती एकमेकांना चिकटतात. बर्फ वितळून पुन्हा पाणी होतं, पण गुठळी गुठळीच राहते. माळ तीच, मणी तेच, क्रम तोच. फक्त कडी वाजवणारा हात उरत नाही. परीक्षेत हा प्रश्न मी स्वतः घालायचो.

दोन दिवसांनी सकाळी तू बाटली घेऊन माझ्यापाशी आलीस. "दत्तू, हे बघ रे. गोठल्यागत झालंय."

मी चष्माही लावला नाही. "काही होत नाही. थोडा वेळ बाहेर ठेव, सुटेल."

तू ठेवलीस. मग तळव्यात फिरवलीस, पुष्कळ वेळ. "रव्यासारखं दिसतंय आत."

"अजून फिरव."

तू अजून फिरवलीस. मग सुई भरलीस आणि टोचून घेतलीस. माझ्यासमोर, त्या खुर्चीत बसून. त्यानंतर रोज तीच बाटली रात्री बर्फाला टेकायची, सकाळी वितळायची आणि तुझ्या पोटात जायची. तू पुन्हा विचारलं नाहीस. मास्तर मी होतो.

आठवडाभरात तुझी साखर वाढायला लागली. तहान, अंगात शीण, सारखं उठणं. बोटाला टोचून तपासायचं यंत्र रोज मोठे आकडे दाखवायचं. घरात रसाची पातेली आणि तुझ्या रक्तात साखर, यापुढे कोणी काय विचार करणार?

"वन्सं, पातेलं रोज उतरतंय हो," सुमन म्हणाली. आधी हसत म्हणाली.

"उतरंल नाय तर काय. तुझा नवरा दुपारचा उठून वाटी मारतो."

"ते मारतात ते मला दिसतं. तुमचं दिसत नाही."

"खात नसंल म्हणून दिसत नसंल."

मग हसणं गेलं. डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं, तरी उतार नाही. म्हणजे मेलेलं औषध जास्त टोचून घ्यायला सांगितलं. प्रशांतने तुला समोर बसवून लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. तू म्हणालीस, "गजाननाची शपथ, मी तोंडाला लावलेला नाय." आणि मी, अक्का, मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शपथ कशाला घेतेस? साखर खोटं बोलत नाही."

हे वाक्य मला झोपू देत नाही. माझा जोरकस, वर्गातला आवाज. साखर खोटं बोलत नाही. नव्हतीच बोलत. ती सांगत होती की बाटलीत औषध उरलेलं नाही, आणि ते समजण्याइतकं शिक्षण त्या घरात एकाच माणसाचं झालं होतं.

मग ती सकाळ. तुला उठवत नव्हतं, श्वास जोरात चालला होता, जीभ कोरडी. रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. सलाईन, तिथलं इन्सुलिन, आणि दुपारपर्यंत तू डोळे उघडलेस. एक तरुण डॉक्टरीण आली. पाठीवर लांब वेणी, हातात पेन. तिने शांतपणे सगळं विचारलं. खाणं काय, इंजेक्शन कोण देतं. मग म्हणाली, "काका, घरी इन्सुलिन कुठे ठेवता? मध्ये कधी गोठलं वगैरे नाही ना?"

त्या क्षणापर्यंत मला खरंच कळलं नव्हतं. यावर कोणी विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही, पण तसंच होतं. तिने 'गोठलं' म्हटलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रवा आला. तळव्यातला. मला सगळं एकदम कळलं, अगदी फळ्यावर काढून दाखवता येईल इतकं नीट. सुमन पायथ्याशी उभी होती, प्रशांत दारात. मी म्हणालो, "नाही, नाही. फ्रिजमध्ये व्यवस्थित असतं. मी स्वतः प्रथिनं शिकवायचो."

तू उशीवर मान वळवून माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मग डॉक्टरणीला म्हणालीस, "त्याला काय इचारतेस, पोरी. मी खाल्ला रस. गुपचूप खायचे दुपारची. आता सांगून टाकते."

डॉक्टरीण हसली. "आजी, आधी सांगितलं असतं तर इतकं झालं नसतं." सुमनने कपाळाला हात लावला. प्रशांतने मोठा श्वास सोडला, कोडं सुटल्यावर सोडतात तसा. तुझी साखर मग भराभर उतरली, कारण तिथलं औषध जिवंत होतं. घरच्यांनी त्याचाही अर्थ तोच लावला. इथे रस मिळत नाही, म्हणून उतरली.

मी घरी आलो, तुझे कपडे न्यायला. फ्रिज उघडला. बाटली बर्फाच्या खणाला इतकी चिकटली होती की ओढून काढावी लागली. कागदात गुंडाळून मी ती सोसायटीच्या नव्हे, चौकातल्या कचरापेटीत टाकली. नवी बाटली आणली आणि दारातल्या कप्प्यात, अंड्यांशेजारी ठेवली. इतकं सगळं नीट करायला मला जमलं.

तू परत आलीस तेव्हा सुमनने फ्रिजला कुलूप लावलं होतं. आपला जुना फ्रिज, दाराला किल्ली असलेला. किल्ली तिच्या कमरेला. वाईटपणाने नाही, अक्का. ती घाबरली होती, तुझ्याच जिवाला घाबरली होती. पण गार पाणी हवं असेल तर तुला हाक मारावी लागायची. सकाळी सुमनने कुलूप काढायचं, बाटली द्यायची, पुन्हा कुलूप. घरी आलेल्या बायकांना ती सांगायची, "काय करू, लहान पोरासारखं लक्ष ठेवावं लागतं." तू तिथेच वाती वळत बसलेली असायचीस. एकदा कोणीतरी वाढदिवसाचा पेढा तुझ्यापुढे धरला आणि मग ओशाळून हात मागे घेतला. तू म्हणालीस, "बरं केलंस, माझा काय भरवसा." सगळे हसले. मीही हसलो.

दिवाळीत, चिवडा निवडायला आपण दोघंच बसलो होतो तेव्हाचं तुला आठवत असेल. तू जळके शेंगदाणे बाजूला काढत होतीस. वर न बघता म्हणालीस, "दत्तू, ती जुनी बाटली टाकलीस ना?"

"हो."

"बरं केलंस. कुणाच्या हाताला लागायला नको."

इतकंच. म्हणजे तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही तुला माहीत होतं. दार अर्धं उघडून तू थांबली होतीस. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी म्हणालो, "मीठ कमी वाटतंय का बघ." तू दोन दाणे तोंडात टाकलेस आणि म्हणालीस, "ठीक हाय."

मला तुझा रागही येतो, हे लपवत नाही. तू ते कबूल केलं नसतंस तर कदाचित मी अजून एका श्वासानंतर खरं बोललो असतो. तू माझ्यासाठी दार बंद केलंस. हे मी स्वतःला अनेकदा सांगून बघितलं. पटत नाही. माझ्याकडे जून होता, जुलै होता, सगळा पावसाळा होता, दिवाळी होती. त्या सगळ्या काळात तुझं खोटं मला फार सोयीचं होतं.

थंडी सुरू झाली आणि तुझं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, आधीचाच आजार होता. त्या मे महिन्याने त्यातलं किती नेलं हे मी त्यांना विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी मे महिना सांगावा लागला असता. आता ते किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. हे मी बरोबर घेऊन जाणार आहे.

तेराव्याला गोड जेवण असतं. प्रशांतने मुद्दाम डब्यातला आंब्याचा रस आणला. तुझ्या फोटोपुढे चांदीची वाटी भरून ठेवली आणि म्हणाला, "अक्काआत्या, आता बिनधास्त खा. फ्रिजचं कुलूप काढलंय." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळे हसत होते. तुझे घोटीचे पुतणे आले होते. त्यातला एक म्हणाला, "काकू पहिल्यापासूनच तशी. आली ती दूध सांडत, गेली ती रस चोरत." तो प्रेमानेच बोलला. पंगत पुन्हा हसली.

मी उठून उभा राहिलो. हातातला घास ताटात ठेवला. म्हणालो, "तिने रस खाल्ला नव्हता. तिचं इन्सुलिन मी गोठवलं होतं. मला ते हॉस्पिटलात कळलं होतं आणि मी गप्प बसलो."

मग सुमन हळूच म्हणाली, "अहो, बसा. त्यांनी स्वतः कबूल केलं होतं, मी तिथेच होते."

"ती खोटं बोलली."

"बाबा," प्रशांतने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "आम्हाला कोणालाच आत्याचा राग नाहीये. तुम्ही तिला पाठीशी नका घालू. थोडं गोड खाल्लं बिचारीने, काय बिघडलं? जेवा तुम्ही."

त्यांनी तुला माफ केलं होतं, अक्का. जे तू केलंच नव्हतंस त्याबद्दल. आणि माझ्याकडे ते ज्या नजरेने बघत होते ती मी ओळखतो. म्हातारा हळवा झालाय. शपथ घेऊन सांगितलेलं तुझं खरं मी साखरेच्या आकड्याने खोटं पाडलं होतं. आता माझं खरं तुझ्या खोट्याने खोटं पाडलं. मी बसलो. पुतण्याने मला आग्रहाने रस वाढला.

दुसऱ्या दिवशी सुमन फ्रिज पुसत होती. वरच्या कप्प्यापाशी तिचा हात थांबला. तिने एक वाटी पाणी भरून बर्फाच्या खणाला टेकवली आणि दार लावलं. मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटी काढली, उलटी धरली. पाणी सांडलं नाही.

"त्या मला म्हणाल्या होत्या," ती म्हणाली, "बाटली बर्फासारखी लागते म्हणून. मी म्हटलं, तुमच्या भावाला विचारा, ते प्रोफेसर आहेत."

मग वाटी ओट्यावर ठेवत, "मी कुलूप लावलं. तुम्ही बघत होतात."

"हो."

"तुम्ही एकदा मला एकटीला तरी सांगायचं."

मी सांगितलं असतं तर किल्ली तिच्या कमरेला गेली नसती. तुझ्यावर केलेला अन्याय मी तिच्या हातांनीही करवून घेतला आणि आता खरं सांगून तिचा वाटा तिच्या पदरात टाकला. सुमनने फ्रिजच्या दारातली तुझी शेवटची बाटली काढली. अर्धी भरलेली. आता तिचा कोणाला उपयोग नाही. ती तिने माठातल्या डबीत ठेवली आणि खोलीत निघून गेली. तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. पण प्रशांतला तिने फोन केला, एवढं मला दाराआडून ऐकू आलं. "बाबा म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "मी करून बघितलं."

म्हणजे आता दोघांना माहीत झालं. पुरेसं नाही. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा एक अंक निघतो, त्यात दरवर्षी माझा काहीतरी लेख मागतात. यंदा हा देणार आहे. पाठराखिणीच्या तासाला बसलेल्यांना कळू दे की ती उपमा कोणाची होती, आणि त्या तासाच्या मास्तराने घरी काय केलं. घोटीच्या तुझ्या पुतण्यांनाही एकेक प्रत पाठवणार आहे. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट लिहून ठेवायची आहे, जी आता फक्त मलाच माहीत आहे.

घोटीची ती पहिली सकाळ. घरातली माणसं अजून उठत होती. मला भूक लागली होती आणि नव्या घरात मागायची लाज वाटत होती, म्हणून मी चुलीजवळ गेलो. कासंडी माझ्या हातून निसटली. दूध उंबऱ्यापर्यंत गेलं. तुझी सासू आतून आली आणि म्हणाली, "कोणी केलं हे?" मी भिंतीला चिकटून उभा होतो. तू हातात हिरवा चुडा भरलेली, त्या घरात एका दिवसाची. माझ्याकडे बघितलंस, फार वेळ नाही, आणि म्हणालीस, "माझ्या हातून झालं."

मी रडलो तो आईच्या आठवणीने नव्हे, अक्का.

ते दूध मी सांडलं होतं. आणि रस तू खाल्ला नव्हतास.